तीन वरांची अंगठी : नियमसंहिता, हेतू आणि अर्थनिर्णयाचा अधिकार

१

१९७४ च्या आरंभी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या लहान गावातून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या तीन पुस्तिका एका खोक्यातून विक्रीस आल्या. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्यांचे कर्ते. पहिल्या मुद्रणाच्या प्रती १,०००. पुढे ज्याला ‘रोल-प्लेइंग गेम’ हे नाव रूढ झाले आणि मराठीत ज्याला भूमिकाखेळ म्हणता येईल, त्या प्रकारचा हा पहिला प्रकाशित ग्रंथ होय. एका टेबलाभोवती चार-सहा माणसे बसतात. त्यांतील एकजण एका कल्पित जगाचे वर्णन करतो. बाकीचे त्या जगातील एकेका पात्राच्या वतीने आपण काय करतो ते सांगतात. आणि जेथे निष्पत्ती अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. येथे नाटकासारखा रंगमंच नसतो आणि कादंबरीसारखी पूर्वलिखित कथाही नसते. लिखित असतात ते नियम, आणि बाकी सारे बोलण्यातून घडते.

या नियमांतील एक मोठा भाग जादूच्या वस्तूंचा आहे. अंगठ्या, तलवारी, मंत्रवलेली पेये, पिशव्या, झगे अशा वस्तूंची वर्णने दुसऱ्या पुस्तिकेत एकाखाली एक दिलेली आहेत. वाङ्मयसमीक्षेच्या दृष्टीने या वर्णनांचे एक वैशिष्ट्य लक्षणीय ठरते. साध्या तलवारीविषयी नियम मौन पाळत असेल तर वाचक लौकिक अनुभवाचा आधार घेतो : तलवार लोखंडाची असते, ती गंजते, तिने दोर कापता येतो. जादूच्या पिशवीला असा आधार नाही. दहा हजार सुवर्णनाण्यांचे ओझे जिच्यात घातले असता तीनशे नाण्यांइतकेच भरते, अशी पिशवी कोणी पाहिलेली नाही. तिचे गुणधर्म तिच्या वर्णनाच्या वाक्याबाहेर कोठेही अस्तित्वात नाहीत. म्हणून ते वाक्य संदिग्ध असेल तर केवळ वर्णन संदिग्ध राहत नाही. वस्तूच संदिग्ध होते. ही पिशवी तशाच दुसऱ्या पिशवीत घातली तर काय होईल, या प्रश्नाचे उत्तर शोधायला जगाकडे वळता येत नाही, संहितेकडेच वळावे लागते. आणि संहिता गप्प असेल तर कोणाला तरी निर्णय द्यावा लागतो.

तो निर्णय कोणी द्यावयाचा, या प्रश्नाला गेल्या पन्नास वर्षांत वेगवेगळी उत्तरे दिली गेली. या उत्तरांचा क्रम पाहिला असता असे दिसते की संदिग्धता घालविण्याच्या प्रत्येक प्रयत्नात संदिग्धतेची जागा तेवढी बदलली, आणि बदललेल्या प्रत्येक जागेबरोबर अर्थनिर्णयाचा अधिकारही एका हातातून दुसऱ्या हातात गेला. प्रस्तुत निबंधाचा विषय हे अधिकाराचे स्थलांतर हा आहे. त्यासाठी मुख्य उदाहरण म्हणून तीन वर देणाऱ्या अंगठीचे घेतले आहे. अर्थ लावणे हाच त्या वस्तूचा व्यापार असल्यामुळे हा प्रश्न तिच्यात सर्वांत उघडपणे दिसतो.

२

पंच आणि नियम यांच्यातील ताण या खेळाहून बराच जुना आहे. प्रशियाच्या सैन्यातील अधिकारी गेऑर्ग फॉन रायस्विट्झ याने १८२४ मध्ये युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. नकाशावर ठोकळे मांडून, फासे टाकून आणि कोष्टके पाहून लढाईची निष्पत्ती ठरविण्याची ती पद्धत होती. दोन्ही पक्षांचे हुकूम पंचाकडे येत आणि तो त्यांचे परिणाम सांगे. कोष्टके वाढत गेली तसा खेळ मंदावला. १८७६ मध्ये युलियुस फॉन फेर्डी द्यु व्हेर्न्वा याने याला उलट टोकाचा पर्याय पुढे केला : अनुभवी अधिकारी पंच असेल तर कोष्टकांची गरज काय? त्याने स्वतःच्या जाणतेपणावरून निर्णय द्यावा. अशा रीतीने ‘काटेकोर’ आणि ‘मुक्त’ असे युद्धखेळाचे दोन पंथ झाले. १८८० मध्ये चार्ल्स टॉटन या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याने ‘स्ट्रॅटेजॉस’ या ग्रंथात पंचाला व्यापक अधिकार दिले. जवळजवळ नव्वद वर्षांनी, १९६९ मध्ये, मिनेसोटातील जुळ्या शहरांत डेव्हिड वेस्ली याने त्या ग्रंथाच्या आधारे ‘ब्राउनश्टाइन’ हा खेळ चालविला. त्यात खेळाडूंना सैन्याऐवजी एकेक व्यक्ती दिली गेली आणि नियमात नसलेली कृती करून पाहण्याची मुभा मिळाली. त्या मंडळात आर्नेसन होता. त्याच्या ‘ब्लॅकमूर’ या मोहिमेत आणि गायगॅक्स व जेफ पेरेन यांच्या ‘चेनमेल’ (१९७१) या युद्धखेळाच्या अद्भुतविषयक पुरवणीत १९७४ च्या ग्रंथाची बीजे आहेत.

हा पूर्वेतिहास ध्यानात घेतला म्हणजे १९७४ च्या संहितेचा स्वर समजतो. ती स्वतःला मार्गदर्शक सूत्रे म्हणविते. वाचकाने त्यांवरून आपली मोहीम रचावी अशी तिची अपेक्षा आहे. तिसऱ्या पुस्तिकेच्या समारोपात तर ग्रंथकर्त्यांना पत्रे लिहून शंका विचारण्यापेक्षा वाचकाने आपल्या मनाला पटेल तसा निर्णय करावा, कल्पना करण्याचे काम इतरांवर का सोपवावे, अशा आशयाचा सल्ला आहे. लेखकच येथे आपला अधिकार सोडून देतो. रोलाँ बार्थच्या ‘लेखकाचा मृत्यू’ या निबंधाला (१९६७) तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. एक पॅरिसच्या समीक्षाविश्वातील होती, दुसरी अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतील छंदिष्टांच्या मंडळातील. वाचकाच्या हाती अर्थ सोपविण्याची कृती मात्र दोन्हीकडे आहे, आणि दुसऱ्या ठिकाणी तिचे व्यावहारिक परिणाम लगेच भोगावे लागले.

३

१९७४ च्या दुसऱ्या पुस्तिकेतील तीन वरांच्या अंगठीचे वर्णन मोजक्या वाक्यांचे आहे. वरांची शक्ती मर्यादित ठेवावी, कारण खेळाचा समतोल राखला गेला पाहिजे. त्यासाठी पंचाने अत्यंत विवेकाने वागावे, असे ती सांगते. मग एक उदाहरण येते. लोभी पात्राने एका वरात आणखी वर मागितले तर पंचाने त्याला अंगठी सापडली त्या क्षणाकडे परत नेऊन कधीही न संपणाऱ्या कालवर्तुळात अडकवून ठेवावे.

या उदाहरणाची तर्करचना पाहण्यासारखी आहे. ‘मला आणखी वर मिळोत’ या वाक्याचा नकार येथे होत नाही. वाक्य अक्षरशः मान्य होते : अंगठी पुन्हा मिळते म्हणजे वर पुन्हा मिळतात. बोलणाऱ्याला अभिप्रेत असलेला अर्थ तेवढा बाजूला राहतो. पंच अभिधेला धरून चालतो आणि तात्पर्य टाकून देतो. हे करण्याचा अधिकार त्याला नियमाच्या ज्या वाक्याने दिला आहे, ते वाक्य मात्र त्याने अक्षराला धरून वाचावयाचे नाही. समतोल या प्रयोजनाकडे पाहून वाचावयाचे आहे. खेळाडूचे वाक्य अक्षराने आणि ग्रंथाचे वाक्य प्रयोजनाने, अशी ही दुहेरी वाचनपद्धती आहे. पुढील सर्व वादांचे मूळ या विषमतेत आहे, कारण खेळाडूंनी लवकरच तिची उलटी बाजू शोधून काढली : ग्रंथाचे वाक्य अक्षराने वाचून आपले प्रयोजन साधावे.

वर मागणाऱ्याच्या शब्दांत फट शोधण्याची कल्पना अर्थात नवी नाही. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स याच्या ‘द मंकीज पॉ’ (१९०२) या कथेत वर मिळतो, आणि त्याची किंमत म्हणून मुलगा जातो. मराठी वाचकाला हा प्रकार पुराणकथांतून परिचित आहे. हिरण्यकशिपूने मृत्यूच्या शक्यता एकेक करून वगळल्या : दिवसा नको, रात्री नको, घरात नको, बाहेर नको, माणसाकडून नको, पशूकडून नको. त्याचा वर म्हणजे कायदेतज्ज्ञाने लिहावा तसा मसुदा आहे. नरसिंहाने तो मोडला नाही. संध्याकाळ, उंबरठा आणि नरपशू या वर्गांमधल्या जागा शोधून तो अक्षरशः पाळला. सावित्रीच्या कथेत वाचनाची दिशा उलट आहे. शंभर पुत्रांचा वर यमाने दिला. पती जिवंत असल्यावाचून तो पतिव्रतेच्या बाबतीत सफल होत नाही. म्हणून सत्यवानाचे प्राण परत देणे क्रमप्राप्त ठरले. मीमांसक ज्याला अर्थापत्ती म्हणतात, त्या प्रकारचे हे वाचन आहे : जे म्हटले आहे ते सिद्ध होण्यासाठी जे न म्हटलेले मानावे लागते, तेही दिले गेले. हिरण्यकशिपूचा वर मागणाऱ्याच्या विरुद्ध वाचला गेला, सावित्रीचा तिच्या बाजूने. दोन्ही वाचने शब्दांना धरून आहेत. कोणते वाचन स्वीकारावयाचे हे शब्दांवरून ठरत नाही. वाचणारा मागणाऱ्याकडे कोणत्या दृष्टीने पाहतो यावरून ठरते.

१९७८ च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये वर देणाऱ्या मंत्राचे जे वर्णन आले, ते हिरण्यकशिपूच्या बाजूला झुकलेले आहे. दुसऱ्या पात्राचा मृत्यू मागितला तर मागणाऱ्यालाच त्या पात्राच्या मृत्यूनंतरच्या भविष्यकाळात नेऊन ठेवावे, म्हणजे तो मोहिमेतून बाद होईल, असे तेथे सुचविले आहे. परिणामी वर मागणे हा शब्दरचनेचा व्यायाम बनला. खेळाडू अटी, अपवाद आणि पोटकलमे जोडून लांबच लांब वाक्ये रचू लागले. वाक्य जितके लांब तितक्या त्यातील फटी अधिक, हा हिरण्यकशिपूचा धडा टेबलावर पुन्हा पुन्हा गिरविला गेला.

४

वाचकाला दिलेला अधिकार लेखकाने परत मागितला तो १९७७ ते १९७९ या वर्षांत. ‘अ‍ॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे तीन ग्रंथ या काळात गायगॅक्सच्या एकट्याच्या नावावर प्रसिद्ध झाले : ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ (१९७७), ‘प्लेअर्स हँडबुक’ (१९७८) आणि ‘डंजन मास्टर्स गाइड’ (१९७९). पंचाला आता ‘डंजन मास्टर’ हे नाव आले होते. त्याची भूमिका आपल्याकडील सूत्रधाराच्या जवळ जाणारी आहे. बदलाची कारणे अनेक होती. मोठ्या संमेलनांतून स्पर्धा होऊ लागल्या होत्या, आणि अपरिचित मंडळींनी एकाच साहसात उतरून गुण मिळवावयाचे तर सर्वत्र नियम एकच हवेत. ली गोल्ड यांनी १९७५ मध्ये सुरू केलेल्या ‘अलॅरम्स अँड एक्स्कर्शन्स’सारख्या हौशी नियतकालिकांतून जो तो आपापले नियम प्रसिद्ध करीत होता. शिवाय आर्नेसनने श्रेय आणि मानधन यांबद्दल १९७९ मध्ये दावा दाखल केला. तो १९८१ मध्ये तडजोडीने मिटला. ग्रंथाचा कर्ता कोण, हा प्रश्न त्यामुळे न्यायालयातही उभा होता.

‘डंजन मास्टर्स गाइड’मधील जादूच्या वस्तूंची वर्णने १९७४ च्या तुलनेने विस्तृत आहेत. पिशवीचे उदाहरण येथे पुन्हा उपयोगी पडते. ‘पोर्टेबल होल’ म्हणजे घडी घालता येणारे, कापडासारखे दिसणारे विवर ही याच जातीची दुसरी वस्तू. पिशवी विवरात ठेवली तर अवकाशाला भेग पडून दोन्ही वस्तू शून्यात नाहीशा होतात. विवर पिशवीत ठेवले तर द्वार उघडून जवळपासची माणसेही दुसऱ्या लोकात ओढली जातात. कोण कशात, या क्रमावर परिणाम अवलंबून ठेवण्याइतका हा नियम सूक्ष्म आहे. तरीही पिशवीत पिशवी ठेवली तर काय, हा मूळ प्रश्न त्याने सुटत नाही. एका शक्यतेचे उत्तर मिळताच दहा नव्या शक्यता दृष्टीस पडतात.

नोव्हेंबर १९७९ च्या ‘द ड्रॅगन’ मासिकाच्या ३१ व्या अंकात जीन वेल्स यांचे ‘सेज अ‍ॅडव्हाइस’ हे सदर सुरू झाले. वाचकांनी शंका पाठवाव्यात आणि अधिकृत उत्तर मिळवावे, अशी त्याची योजना होती. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २००४ पर्यंत ते सदर स्किप विल्यम्स यांच्याकडे होते. १९७४ च्या ग्रंथाने ज्या पत्रव्यवहाराला निरुत्साहित केले होते, त्याचीच आता संस्था झाली. शब्दार्थाच्या इतिहासात हा क्षण महत्त्वाचा आहे. सूत्रग्रंथावर भाष्य यावे आणि भाष्य सूत्राइतकेच प्रमाण मानले जावे, तशी ही स्थिती होती.

परंतु भाष्यकाराचा अधिकार कशावर उभा आहे? लेखकाचा हेतू त्याला ठाऊक आहे म्हणून, असे उत्तर दिले तर विमसॅट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ मध्ये घेतलेला आक्षेप येथे लागू होतो : हेतू संहितेत उतरला असेल तर तो तेथेच सापडेल, आणि उतरला नसेल तर तो संहितेचा अर्थ कसा? ई. डी. हर्श यांचा १९६७ चा प्रतिवाद असा की लेखकाचा अर्थ सोडला तर अर्थाची शहानिशा करण्याचे मापच उरत नाही. खेळाच्या इतिहासाने या वादाची एक वेगळीच परीक्षा घेतली. १९८० च्या दशकाच्या मध्यावर गायगॅक्सचे टीएसआर या प्रकाशनसंस्थेवरील नियंत्रण गेले आणि त्याने ती सोडली. १९८९ ची दुसरी आवृत्ती डेव्हिड कुक यांच्या नेतृत्वाखाली त्याच्यावाचून तयार झाली. १९९४-९५ मध्ये वीस वर्षांत विखुरलेल्या जादूच्या वस्तूंचा ‘एन्सायक्लोपीडिया मॅजिका’ हा चार खंडांचा कोश निघाला. त्यात अनेक लेखकांच्या वस्तू वर्णानुक्रमे एकमेकींशेजारी आल्या. ज्या वस्तूची कल्पना एकाने केली, वाक्य दुसऱ्याने घडविले, संपादन तिसऱ्याने केले आणि शंकेचे उत्तर चौथ्याने दिले, तिच्या बाबतीत ‘लेखकाचा हेतू’ हे पद कोणाकडे बोट दाखविते ते सांगणे कठीण आहे.

५

टीएसआर १९९७ मध्ये ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या संस्थेच्या ताब्यात गेली. २००० मध्ये तिसरी आवृत्ती निघाली. मॉन्टी कुक, जोनाथन ट्वीट आणि स्किप विल्यम्स हे तिचे रचनाकार. भाष्यकारच आता सूत्रकार झाला होता. या आवृत्तीने अधिकार संहितेकडे सोपविण्याचा प्रयत्न केला. कृतींचे प्रकार, परिणामांचे प्रकार, एकाच वेळी दोन लाभ मिळाले तर त्यांची बेरीज केव्हा करावयाची व केव्हा नाही, हे सर्व पारिभाषिक संज्ञांनी बांधले गेले. ‘लिहिल्याप्रमाणे नियम’ हा वाक्प्रयोग खेळाडूंत प्रतिष्ठा पावला. सूत्रधाराचा कौल हवा असे मानणाऱ्याला ग्रंथ नीट न वाचल्याचा दोष दिला जाऊ लागला.

वराचे काय झाले ते पाहणे उद्बोधक आहे. २००३ च्या सुधारित तिसऱ्या आवृत्तीत निर्धोक वरांची यादी दिली आहे : २५,००० सुवर्णनाण्यांपर्यंतची साधी वस्तू निर्माण करणे, ठरावीक पातळीपर्यंतच्या मंत्रांची नक्कल करणे, इत्यादी. मंत्र म्हणणाऱ्याला ५,००० अनुभवगुणांची किंमत द्यावी लागते. जादूची वस्तू मागितली तर ही किंमत त्या वस्तूच्या मूल्याप्रमाणे वाढते. वस्तूच्या मूल्यावर वेगळी मर्यादा नाही, किंमत हीच मर्यादा. यादीबाहेरचा वर मागितला तरच विपरीत अर्थाचा धोका. मसुदा चोख दिसतो. पण त्याच नियमसंहितेत जिनांच्या जातीतील ‘इफ्रीत’ नावाचा जीव दुसऱ्याला वर देऊ शकतो, आणि जीवाच्या अंगभूत शक्तीला अनुभवगुणांची किंमत पडत नाही, असे अन्यत्र स्पष्ट म्हटले आहे. दोन वाक्ये शेजारी ठेवली की निष्कर्ष निघतो : इफ्रीताकडून मागितलेल्या जादूच्या वस्तूला मूल्यमर्यादाच नाही. कोणत्याही एका वाक्यात चूक नाही. चूक आहे ती दोन निर्दोष वाक्यांच्या संयोगात, आणि तेथे कोणी सावध पंच नेमलेला नाही.

हे उदाहरण एच. एल. ए. हार्ट आणि लॉन फुलर यांच्यातील १९५८ च्या वादाची आठवण करून देते. उद्यानात वाहनांना मनाई असा नियम असेल तर मोटारीविषयी शंका नसते. खेळण्यातल्या मोटारीविषयी असते. हार्टच्या मते शब्दाला निश्चित गाभा आणि अनिश्चित कडा असतात, आणि कडेवर निर्णयकर्त्याला विवेक वापरावा लागतो. फुलरने विचारले की दुसऱ्या महायुद्धातील चालू स्थितीतला लष्करी ट्रक स्मारक म्हणून उद्यानात चौथऱ्यावर बसविला तर? तो तर गाभ्यात बसतो. तरीही नियम त्याच्यासाठी नाही हे कळते, कारण नियमाचे प्रयोजन कळते. इफ्रीताचा वर हा फुलरच्या ट्रकासारखा आहे. प्रत्येक शब्द गाभ्यातल्या अर्थाने घेतला आहे, आणि तरीही निष्पन्न होणारा अर्थ ग्रंथाच्या प्रयोजनाला छेद देतो.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीने या पेचातून सुटण्याचा टोकाचा मार्ग धरला. वर देणारा मंत्र मूळ नियमग्रंथांतून काढून टाकला. जादूच्या वस्तू सूत्रधाराच्या ग्रंथातून खेळाडूंच्या ग्रंथात आल्या, आणि त्यांच्या शक्ती ठरीव साच्यात छापल्या गेल्या. शिवाय खेळाडूंनी आपल्याला हव्या असलेल्या वस्तूंची इच्छायादी सूत्रधाराकडे द्यावी, अशी शिफारस झाली. हा बदल तपशिलाचा वाटला तरी त्याचा अर्थ गंभीर आहे. कथेतल्या पात्राने अंगठीकडे मागितलेला वर नाहीसा झाला आणि त्याच्या जागी खेळाडूने सूत्रधाराकडे दिलेली मागणीची यादी आली. पहिल्यात शब्दाचा धोका होता, म्हणून त्यात कथा होती. दुसरीत धोका नाही, म्हणून कथाही नाही. संदिग्धता घालविण्याची किंमत येथे प्रथम स्पष्ट दिसते.

६

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने जाणीवपूर्वक साध्या भाषेकडे मोर्चा वळविला आणि सूत्रधाराचा निर्णय पुन्हा केंद्रस्थानी आणला. वर परत आला. त्याचा उपयोग दुसऱ्या मंत्राची नक्कल करण्यापलीकडे केला तर पुन्हा कधीही तो मंत्र म्हणता न येण्याची शक्यता ३३ टक्के. अंगठीही परत आली. मग प्रश्न उपस्थित झाला : अंगठीतून वर मागणाऱ्यालाही हा ताण भोगावा लागतो काय? अंगठीच्या वर्णनात तिचा धारक तो मंत्र म्हणतो असे आहे. तेव्हा अक्षरार्थाने त्यालाही तो लागू होतो. ज्या योद्ध्याला मंत्रविद्या मुळातच येत नाही त्याच्या हाती मंत्र म्हणण्याची शक्ती गमावण्याचा धोका येतो, आणि तो अंगठीच्या उरलेल्या वरांपुरताच खरा ठरतो. ‘म्हणणे’ या एका क्रियापदावर सारा भार येऊन पडतो.

पिशवीच्या नव्या वर्णनात आत अडकलेल्या श्वासोच्छ्वास करणाऱ्या जिवांसाठी दहा मिनिटांची हवा आणि ती माणसांच्या संख्येने भागण्याची सोयही आहे. परंतु पिशवी, विवर ‘किंवा तत्सम वस्तू’ यांच्या परस्परसंयोगाने विनाश होतो, असे म्हणताना ‘तत्सम’ हा शब्द आला. पिशवी ही पिशवीशी तत्सम आहे काय? नैयायिकांच्या सादृश्यविचाराप्रमाणे सादृश्याला भेद आवश्यक असतो. तीच वस्तू स्वतःशी सदृश म्हणविली तर आलंकारिक तिला अनन्वय म्हणतील. दुसरी पिशवी व्यक्ती म्हणून भिन्न आहे, जाती म्हणून नाही. व्यक्तिभेद पुरेसा मानला तर विनाश होतो. जातिभेद हवा असे मानले तर होत नाही. चाळीस वर्षांपूर्वीचा प्रश्न असा एका विशेषणात येऊन बसला आहे.

अधिकृत भाष्याची परंपरा जेरेमी क्रॉफर्ड यांनी २०१५ पासून पुन्हा सुरू केली. नियम वाचण्याच्या तीन दृष्टी त्यांनी सांगितल्या : लिहिल्याप्रमाणे नियम, अभिप्रेत नियम आणि खेळाच्या आनंदाला पोषक नियम. समीक्षेच्या अभ्यासकाला यांत संहिता, लेखक आणि वाचक हा परिचित त्रिकोण दिसेल. पण त्रिकोणाची बाजू निवडण्याचा नियम त्यात नाही. अदृश्यतेविषयीचे उत्तर याची साक्ष देते. २०१४ च्या नियमांत अदृश्य असण्याच्या अवस्थेत दोन कलमे होती : एक न दिसण्याचे, दुसरे अदृश्य व्यक्तीवरील हल्ला अवघड होण्याचे. अदृश्याला पाहू शकणाऱ्यालाही दुसरे कलम लागू राहते, असा कौल क्रॉफर्ड यांनी दिला. अदृश्यतेची अंगठी घातलेला माणूस समोर स्पष्ट दिसत असतानाही न दिसल्यासारखा वाचतो, हा त्याचा परिणाम. अक्षराचा विजय इतका पूर्ण झाला की शब्दाने आपला विषयच गमावला. २०२४ च्या सुधारित ग्रंथाने पाहू शकणाऱ्याविरुद्ध तो लाभ मिळत नाही असे वाक्य घालून प्रश्न मिटविला. चपळ हाताच्या चोराला जादूची वस्तू झटकन वापरता येते काय, या प्रश्नाला २०१४ च्या सूत्रधारग्रंथाने स्पष्ट नकार दिला होता; २०२४ मध्ये परवानगी मिळाली आणि नियमांचा परिभाषाकोशही खेळाडूंच्या ग्रंथात आला. साध्या भाषेतून पुन्हा परिभाषेकडे, असा लंबकाचा हा आणखी एक झोका आहे.

७

या इतिहासाचा बोध काय? स्टॅन्ली फिश यांनी १९८० मध्ये मांडलेल्या अर्थनिर्णायक समुदायाच्या संकल्पनेने त्याचा बराचसा भाग उलगडतो. संहितेत अर्थ पडून नसतो. वाचनाच्या समान सवयी असलेला समुदाय तो घडवितो. पण फिशच्या समुदायात मतभेद झाला तर तो केवळ दोन समुदाय असल्याचा पुरावा ठरतो. टेबलाभोवतीच्या समुदायाला ही चैन परवडत नाही. पिशवी फुटली की नाही हे आताच ठरले पाहिजे, आणि आज जे ठरेल ते पुढच्या आठवड्यात त्याच माणसांसमोर पाळावे लागेल. येथे अर्थनिर्णयाला परिणाम आहे, पूर्वोदाहरणाचे बंधन आहे आणि निर्णय देणाऱ्याला तोंड द्यावे लागेल अशी माणसे समोर बसलेली आहेत.

म्हणून लेखकाचा हेतू की अक्षर, हा पर्याय या क्षेत्रात अपुरा ठरतो. मीमांसकांपुढे वेद अपौरुषेय होता. लेखकाला विचारण्याची सोय नव्हती. तरीही त्यांनी अक्षरापाशी थांबणे मान्य केले नाही. उपक्रम आणि उपसंहार, अभ्यास म्हणजे पुनरुक्ती, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती या खुणांवरून वाक्यसमूहाचे तात्पर्य शोधण्याची शिस्त त्यांनी घडविली. मराठी वाचकाला ती अपरिचित नाही. ‘गीतारहस्या’त (१९१५) लोकमान्य टिळकांनी गीतेच्या तात्पर्याचा विचार करताना तिचाच आधार घेतला आहे. तात्पर्य हे संहितेचे असते, ते लेखकाची खाजगी मालमत्ता नव्हे, ही दृष्टी येथे उपयोगी पडते. १९७४ च्या अंगठीचे वर्णन समतोलाने सुरू होते आणि लोभाच्या उदाहरणाने संपते. उपक्रम-उपसंहारावरून त्याचे तात्पर्य लावणाऱ्याला गायगॅक्सला पत्र लिहिण्याची गरज नव्हती. तो २००८ मध्ये आणि आर्नेसन २००९ मध्ये निवर्तल्यावर तर ती सोयच उरली नाही, आणि अंगठीचे वाचन थांबलेले नाही.

मात्र तात्पर्याची ही शिस्त दोन्ही बाजूंना लागू करावी लागते. ग्रंथाचे वाक्य प्रयोजनाने वाचावे आणि खेळाडूचे वाक्य अक्षराने, ही १९७४ ची विषमता पुढील पन्नास वर्षांच्या अविश्वासाला जबाबदार आहे. ज्याच्या शब्दांत फटी शोधल्या जातात तो नियमांत फटी शोधू लागतो; मग नियमकर्ते फटी बुजवू लागतात; बुजविलेल्या प्रत्येक फटीशेजारी नवी पडते. इच्छायादी हे या चक्राचे तर्कशुद्ध टोक होते, आणि तेथे वरही उरला नाही. जो सूत्रधार स्वतःला मिळालेली तात्पर्याची सवलत मागणाऱ्यालाही देतो, त्याच्याच टेबलावर यम आणि सावित्री यांच्यासारखा संवाद शक्य होतो : शब्द पाळले जातात, आणि शब्दांनी जे मागितले होते तेही मिळते. नियमसंहितेच्या पुढच्या कोणत्याही आवृत्तीत असा सूत्रधार लिहून देता येणार नाही. संहिता त्याच्यासाठी जागा मोकळी सोडू शकते, आणि १९७४ च्या त्या तीन पातळ पुस्तिकांनी, त्यांच्या सर्व उणिवांसह, ती सोडली होती.